रिमोटवरच्या मॉन्स्टर ट्रकचा स्पर गिअर परत परत झडतोय? नवा मागवण्याआधी हे बघा

स्पर म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरनं (पिनियननं) फिरणारा मोठा गिअर. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे ही तुमचीच भानगड आहे का ते लगेच कळेल.

ट्रिगर ओढला की मोटर ओरडते, पण गाडी जागेवरच राहते किंवा गचके खात सरकते. हळू चालवली तर ठीक, जरा जोर दिला की ‘टर्रर्र’. गिअर कव्हर उघडलं की आत प्लास्टिकची भुकटी, कधी एखादा अख्खा दात. नवा स्पर बसवला की थोडे पॅक (भरलेल्या बॅटऱ्या) गाडी झकास पळते आणि मग परत तेच रडगाणं. हे सुरू झालेलं असतं ते बहुतेक वेळा काहीतरी बदल केल्यावर. ब्रशवाली मोटर काढून ब्रशलेस घातली, टू-एस (दोन सेलच्या) बॅटरीची थ्री-एस केली, मोठे टायर चढवले, नाहीतर आतले गिअर स्टीलचे केले.

आमच्या बेळगाव भागात १/१० मापाचे इलेक्ट्रिक मॉन्स्टर ट्रक बऱ्याच पोरांकडे (आणि पोरांच्या नावाखाली त्यांच्या बापांकडे) आहेत. दुरुस्तीला माझ्याकडे येतात त्यात सगळ्यात जास्त हीच तक्रार. सुटे भाग पार्सलनं मागवायचे, आठवडाभर वाट बघायची, म्हणून लोक एकदम तीन-चार स्पर मागवून ठेवतात. चौथाही झडला की म्हणतात, कंपनीचं प्लास्टिकच भिकार. प्लास्टिकचा स्पर हा त्या गाडीचा फ्यूज आहे. फ्यूज परत परत उडतोय म्हणजे लाईनमध्ये दुसरीकडे काहीतरी बिघडलंय. ते शोधायचं, आणि शोधताना फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

खरंच स्पर गेलाय का?

मोटर फिरते आणि गाडी हलत नाही, हे पाच ठिकाणांमुळे होऊ शकतं: पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर पकडणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल, स्पर झडलेला, स्लिपर (घसरणारा क्लच) ढिला, डिफमधले (डिफरन्शियलमधले) गिअर गेलेले, किंवा चाकाच्या हेक्समागची (षटकोनी तुकड्यामागची) पिन निसटलेली. बॅटरी काढा. गाडी डब्यावर ठेवून चारही चाकं अधांतरी करा, कव्हर उघडा. स्पर बोटानं धरून ठेवा आणि पुढचं एक चाक हातानं फिरवा. समोरचं चाक उलट दिशेला फिरलं तर पुढचं डिफ शाबूत आहे. मागेही तसंच करा. स्पर धरलेला असताना दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरली किंवा आतून ‘कट कट’ आलं, तर दुखणं डिफमध्ये किंवा त्याच्या अलीकडच्या शाफ्टमध्ये आहे, स्पर बदलून उपयोग नाही. सेंटर डिफवाल्या गाडीत ही परीक्षा जरा फसवी असते, कारण चाकाचा जोर मधल्या डिफमधून दुसऱ्या टोकाला पळतो. तिथे मागची दोन्ही चाकं कुणाला तरी धरायला सांगा.

एवढं केल्यावर स्परच दोषी दिसला तर पुढे वाचा.

झडलेला स्पर फेकू नका, वाचा

एक पैसाही न लागणारी आणि सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच. जुना स्पर उजेडात धरून दात बघा.

सलग तीन-चार दात साफ गेलेत आणि बाकीचे नव्यासारखे आहेत? मग दात झिजलेले नाहीत, एकाच दणक्यात तुटलेत. एकतर मुरमाचा खडा मध्ये शिरला, नाहीतर गाडी हवेतून जोरात चालत्या चाकांवर पडली. सगळ्या दातांचे फक्त शेंडे सोललेत? मेश, म्हणजे दोन गिअरांच्या दातांची एकमेकांत बसण, सैल आहे, पिनियन लांब बसलाय. दात मुळाशी चकचकीत झालेत किंवा वितळल्यासारखे दिसतात? मेश नको तितका घट्ट आहे किंवा मोटर भट्टीसारखी तापतेय. दाताच्या रुंदीचा अर्धाच भाग झिजलाय? पिनियन शाफ्टवर आत किंवा बाहेर सरकलाय, अर्धीच रुंदी भार घेतेय. एका बाजूचे दात जास्त आणि समोरच्या बाजूचे कमी झिजलेत? स्पर मध्यावर फिरत नाही. बेअरिंग गेलंय, शाफ्ट वाकलाय किंवा स्परचे स्क्रू नीट बसलेले नाहीत.

तिसरा-चौथा स्परही त्याच पद्धतीनं गेलाय का, हे जुळवून बघा. म्हणून माझं सांगणं असतं की गेलेले स्पर डब्यात ठेवा. दोन स्परांवर एकच खूण असेल तर निम्मं काम झालं.

पिनियन

लोक स्पर बदलतात, पिनियन तोच ठेवतात. झिजलेला पिनियन नव्या स्परला काही वेळातच स्वतःच्या आकाराचा करून टाकतो. नख फिरवून बघा. दाताचा शेंडा टोकदार झालाय, किंवा दात एका बाजूला आकड्यासारखा वळलाय, तर पिनियन गेला. अ‍ॅल्युमिनियमचे पिनियन आपल्या तांबड्या मातीत फार टिकत नाहीत. बेळगाव-खानापूरकडची जांभ्याची माती बारीक असते, कव्हरच्या फटीतून आत जाते आणि दोन्ही गिअरांना सारखी घासते. पिनियन स्टीलचाच घ्या आणि स्परबरोबर बदला.

इथेच एक चूक हमखास सापडते. उघड्या स्परला ग्रीस लावतात. लावू नका. ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि ती धूळ दातांना घासत बसते. प्लास्टिकचा स्पर कोरडाच चालतो.

मग ग्रब स्क्रू. तो शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर बसला की जोर आला की सरकतो. स्क्रू काढा, शाफ्ट आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पेट्रोलनं पुसून कोरडे करा, निळ्या लॉकटाइटचा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा, आवळा. लाल लॉकटाइट नको, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि निळंसुद्धा धातूवर धातू असेल तिथेच. प्लास्टिकला लागलं तर प्लास्टिक तडकू शकतं. अ‍ॅलन की झिजलेली असेल तर आधी ती बदला. झिजलेल्या कीनं ग्रब स्क्रूचं तोंड गोल झालं की पुढचं काम लेथवाल्याकडे जातं.

दातांचं माप

बदल केलेल्या गाड्यांत हे कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. नवा पिनियन मूळ कंपनीचा नसतो. बाजारात ४८ पिच, ३२ पिच, मॉड ०.६, मॉड ०.८, मॉड १ असे वेगवेगळे दात मिळतात; पिच आणि मॉड (मॉड्यूल) ही दाताच्या आकाराची दोन मापं. ३२ पिच म्हणजे मॉड ०.७९ च्या जवळपास, म्हणून तो ०.८ वर चालून जातो. पण ४८ पिच म्हणजे मॉड ०.५३. तो ०.६ शी जुळत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. बसवला तर फिरतो, आवाज करतो आणि स्पर खातो.

व्हर्नियर काढा. पिनियनच्या बाहेरच्या व्यासाला दात अधिक दोन यानं भागलं की मॉड्यूल मिळतं. म्हणजे २० दातांचा पिनियन ४८ पिचचा असेल तर बाहेरून ११.६ मिमी भरेल, ०.६ चा असेल तर १३.२ मिमी, ०.८ चा असेल तर १७.६ मिमी. स्परलाही तेच गणित लावा. दोन्ही उत्तरं जुळत नसतील तर बाकीच्या तपासण्या करत बसू नका, पिनियन बदला.

बोअरही (मधलं भोकही) बघा. ५४० मापाच्या मोटरचा शाफ्ट साधारण ३.१७ मिमी असतो, मोठ्या मोटरचा ५ मिमी. मधे बुश घालून जमवलेला पिनियन हमखास वाकडा फिरतो.

मेश

कागदाची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धीच. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरांच्या मध्ये घाला, मोटर स्परकडे दाबा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या स्पष्ट हव्यात, पण ती फाटलेली नको. इथे लोक थांबतात. खरं काम पुढे आहे. पिनियन धरून स्पर किंचित मागेपुढे हलवा. अगदी थोडी ‘टिक टिक’ लागली पाहिजे. मग स्पर पाव फेरा फिरवून परत बघा, असं चार जागी. एका जागी घट्ट आणि समोरच्या जागी सैल लागला तर मेशचा दोष नाही, स्पर लोलावतोय, म्हणजे मध्यावर फिरत नाही. तेव्हा सगळ्यात घट्ट लागणाऱ्या जागेवर मेश लावा आणि लोलावण्याचं कारण शोधा.

मोटरचे स्क्रू का सैल होतात, याचं उत्तर बहुतेक वेळा वॉशरमध्ये असतं. वॉशर नसतो, किंवा त्याच्याखाली धूळ अडकलेली असते आणि दोन पॅकनंतर ती दबून जागा होते. पुसून, वॉशर घालून आवळा. जाड-पातळ माउंट बदललं असेल तर स्क्रूची लांबीही तपासा. लांब स्क्रू मोटरच्या पोटात जाऊन वाइंडिंगला टेकला की मोटर गेली.

माउंट प्लास्टिकचं असेल आणि मोटर ब्रशलेस, तर मेश उभ्या गाडीत बरोबर आणि पळताना चूक, असं होतं. कव्हर काढून मोटर हातानं स्परपासून दूर ओढून बघा. प्लेट वाकताना दिसली तर अ‍ॅल्युमिनियमचं माउंट घ्या. स्टीलच्या स्परवर पैसे घालण्यापेक्षा हा खर्च केव्हाही सार्थकी लागतो.

स्लिपर

ज्या गाड्यांना स्लिपर क्लच आहे त्यांच्यासाठी. स्परच्या बाजूला स्प्रिंग आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) दिसतो तोच. अचानक भार आला की त्यानं थोडं घसरायचं, म्हणजे दातांवर येणारा दणका कमी होतो. गाडी जागेवरून जोरात सुटत नाही म्हणून पोरं तो नट शेवटपर्यंत आवळून ठेवतात, आणि मग दात जातात.

आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं सेटिंग पहिलं. ते नसेल तर स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत नट आवळा आणि अर्धा ते एक फेरा सैल करा. मातीवर पूर्ण ट्रिगर देऊन सुटा. पहिल्या फूट-दोन फुटात बारीक ‘स्स्स’ येऊन थांबला तर बरोबर. सतत घसरत राहिला तर पॅड जळतील आणि त्याची धग स्परला लागेल, म्हणजे सैल स्लिपरही स्पर मारतो. पॅड चकाकलेले असतील तर बारीक पॉलिश पेपरनं त्यांची चकाकी काढा, तेलकट झाले असतील तर बदला. नायलॉक नट बऱ्याच वेळा उघडला असेल तर नवा घ्या, तो पकड सोडतो.

ट्रिगरवरचं बोट

खरं म्हणजे हे पहिल्या क्रमांकावर यायला हवं, कारण याला छदामही लागत नाही. पण पहिल्यांदा सांगितलं की पुढचं कुणी वाचत नाही.

गाडी हवेत असताना ट्रिगर दाबलेला असला की चाकं जमिनीच्या वेगापेक्षा जास्त फिरतात. खाली टेकल्यावर टायर एकदम मंद होतो, पण मोटरचा रोटर थांबायला तयार नसतो. आणि रोटरचं जडत्व चाकाकडून बघताना गुणोत्तराच्या वर्गानं वाढतं. एकूण गुणोत्तर १२ असेल (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे बारा) तर १४४ पट. तो सगळा धक्का स्परच्या एक-दोन दातांवर जातो. राजहंसगडाच्या पायथ्याला मुरमाच्या चढावरून उड्या मारणाऱ्यांनी एवढंच करावं: टेकण्याआधी ट्रिगर सोडायचा, टेकल्यावर हळू घ्यायचा. रिव्हर्समध्ये गाडी मागे जात असताना एकदम पुढे दाबायचं नाही. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) ‘पंच’ नावाचं सेटिंग असेल तर ते एक-दोन पायऱ्या खाली आणा. गाडीचा कमाल वेग तोच राहतो, नुसता पहिला झटका कमी होतो.

टायर आणि गुणोत्तर

मोठे टायर घालणं म्हणजे न सांगता पिनियन मोठा करणं. १२ सेंमी व्यासाच्या टायरऐवजी १४ सेंमीचा घातला तर गुणोत्तर १६-१७ टक्क्यांनी उंचावतं, शिवाय टायरचं वजन वेगळं. १३ दातांचा पिनियन असेल तर तो ११ वर आणला पाहिजे, तेव्हा कुठे भार पूर्वीइतका होतो.

हिशोब एकदा कागदावर करून बघा. थ्री-एस बॅटरी पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट, मोटर ३००० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे), म्हणजे बिनभाराचे मिनिटाला ३७,८०० फेरे. स्पर ५४, पिनियन १३, डिफचं गुणोत्तर २.८५ धरलं तर एकूण ११.८ च्या आसपास. १२ सेंमीच्या टायरवर हा वेग कागदावर ताशी ७२ किलोमीटर येतो. खडबडीत रानात एवढा वेग कुणाला हवाय? टू-एसवर हीच गाडी ४८ ला येते आणि स्पर वर्षभर टिकतो. थ्री-एस ठेवायचीच असेल तर पिनियन एक-दोन दातांनी लहान करा.

चिकोडी-निपाणीकडे चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथली काळी माती वळीवानंतर टायरला असा थर धरते की चाकाचं वजन दुप्पट वाटतं. अशा वेळी गाडी अडकली की ट्रिगर दाबून ठेवू नका, चालत जाऊन उचला. पॅक संपल्यावर मोटरला बोट लावा. दोन-तीन सेकंद ठेवता येत नसेल तर ती जास्त तापतेय. थर्मामीटर असेल तर ८० अंश सेल्सिअस ही शेवटची मर्यादा समजा.

बेअरिंग, शाफ्ट, डिफ

इथून पुढे गाडी खोलावी लागते. स्परच्या शाफ्टची दोन्ही बेअरिंगं काढून बोटावर फिरवा. खरखर लागली किंवा आतली रिंग डावी-उजवी डगडगली तर बदला. माप बेअरिंगवरच्या नंबरवरून किंवा व्हर्नियरनं घ्या, ५×११×४ आणि १०×१५×४ ही मापं नेहमी लागतात. रबर सीलची घ्या. खानापूरकडच्या पावसाळ्यात गाडी पळवली असेल तर त्याच दिवशी बेअरिंगं सुकवून तेलाचा थेंब द्या, सकाळपर्यंत थांबलात तर गंज धरतो. शाफ्ट काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर लगेच कळतं.

डिफ जड झालंय का, हे चाक हातानं फिरवून कळतं. आतलं सिलिकॉन तेल गळून मातीचा चिखल झाला असेल तर गाडी ओढायला मोटरला जास्त जोर लागतो आणि तो जोर स्परमधूनच जातो. उघडलंत तर क्राउन (डिफचा मोठा गिअर) आणि डिफच्या पिनियनमध्ये ०.१ किंवा ०.२ मिमीच्या शिमनी (पातळ वॉशरनी) मेश नीट करा. अगदी थोडा प्ले राहिला पाहिजे, खडखड नको. डिफ गोंदानं लॉक करायचा सल्ला पोरं एकमेकांना देतात. कडक जमिनीवर लॉक डिफ म्हणजे वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर. मी करत नाही आणि करूनही देत नाही.

स्टीलचा स्पर?

वरचं सगळं बरोबर असेल आणि स्लिपर किंवा सेंटर डिफ नीट चालत असेल, तरच. नाहीतर स्पर वाचेल आणि त्याच्यापुढचं जे कमजोर असेल ते तुटेल: डिफचा पिनियन, ड्राइव्हशाफ्टचा कप, नाहीतर मोटरचा शाफ्ट. प्लास्टिकचा स्पर बदलायला दहा मिनिटं लागतात, डिफला संध्याकाळ जाते.

इथे थांबा

मोटरचा शाफ्ट वाकलाय, पिनियन दाबून बसवलेला आहे आणि निघत नाही, गोल झालेला ग्रब स्क्रू अडकलाय, किंवा गिअरबॉक्समधली बेअरिंगची जागा अंडाकृती झाली आहे: घरी हातोडी, पकड, ड्रिल यांपैकी काही वापरू नका. कडक केलेला स्टीलचा पिनियन साध्या ड्रिल बिटनं कापला जात नाही, बिट घसरून मोटर खराब होते. ईएससीमधून जळका वास आला तर ते उघडू नका, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे द्या. लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुगली असेल तर तिला चार्जही करू नका आणि गाडीतही घालू नका.

लेथकामाला बेळगावात उद्यमबाग (कारखान्यांचा भाग) आहेच. मिस्त्री कानडी असो की मराठी, तोंडी सांगण्यापेक्षा ड्रॉइंग द्या: दातांची संख्या, मॉड्यूल, बोअर, रुंदी, आणि कोणत्या पिनियनबरोबर चालायचा आहे. गिअर ३२ पिचचा असेल तर तसा हॉब (दात कापायचं हत्यार) त्यांच्याकडे आहे का ते आधी विचारा. नसेल तर स्पर आणि पिनियन दोन्ही मॉड ०.८ मध्ये करून घ्या. एका नगाला सेटिंगचा खर्च परवडत नाही, म्हणून दोघा-तिघांनी मिळून डेल्रिनच्या (कडक प्लास्टिकच्या) रॉडमधून चार-पाच स्पर एकदम काढून घ्यावेत. स्टीलचाच हवा असेल तर ईएन-२४ सारखं मटेरियल आणि हार्डनिंग दोन्ही आधी ठरवून घ्या, मऊ स्टीलचा गिअर लवकर झिजतो. पैसे देण्याआधी तिथेच पिनियनला लावून एक पूर्ण फेरा हातानं फिरवा. बोअर मध्यावर नसेल तर एका जागी अडकतो आणि समोरच्या जागी खडखडतो, आणि तसा नग तिथल्या तिथे परत देता येतो.